पाच रुपयांत वीस लिटर: आमच्या ग्रामपंचायतीचं पाणी केंद्र आणि त्यामागचा कर

पाणी चांगलं आहे, हे आधीच सांगते. आमच्या ग्रामपंचायतीनं बसथांब्याजवळ आरओचं जे पाणी केंद्र बांधलं, त्याला मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण कापला तो पाण्याच्या चवीसाठी नाही. मधे कितीतरी महिने ते कुलूप लावून पडलं होतं, त्यासाठी कापला. ते का बंद पडलं आणि पुन्हा कसं सुरू झालं, याचा माग थेट घरपट्टीच्या पावतीपर्यंत जातो. तो सांगितल्याशिवाय या केंद्राबद्दल लिहिणं अर्धवट राहील, म्हणून हे जरा लांबणार आहे.

मी दर्यापूर तालुक्यातली. रोडवर आमचं चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. सकाळी पोहे-तर्री, आलूबोंडा, दुपारी भजे, चहा दिवसभर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण आसपासच्या कितीतरी गावांत थोड्याफार फरकानं हीच गोष्ट सापडेल.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बाहेरच्यांसाठी सांगते: पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा साधारण 4,700 चौरस किलोमीटरचा पट्टा आहे. नदीनं आणून टाकलेल्या गाळाचे खोल थर, त्यातून पाण्याचा निचरा नीट होत नाही, आणि जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खोदा, बोअर मारा, पाणी लागतं, पण पिता येत नाही. शेताला दिलं तर जमीन चोपण, म्हणजे क्षार साचून कडक, होते. म्हणून काळी कसदार जमीन असूनही आमची शेती बरीचशी वरच्या पाण्यावर. गावागावांत किडनीचे पेशंट आहेत आणि लोक बोट पाण्याकडेच दाखवतात.

हे पाणी काय करतं ते हॉटेलच्या चुलीवर रोज दिसतं. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला ठेवली तर शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात आणि डाळ तरी दाण्यासारखीच राहते. सोडा टाकला तर मऊ पडते, पण वरणाची चव जाते. चहाचं तर विचारूच नका. साखर कितीही टाका, घोट गिळल्यावर जिभेच्या मागं खारटपणा राहतोच. चहाच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, आतून पांढरा थर धरतो, तो चिंचेनं घासावा लागतो. परगावचं गिऱ्हाईक पहिला घोट घेऊन कप खाली ठेवतं, आणि काही न बोलता पैसे देऊन जातं. धंद्याला याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

नळाचं पाणी येतं, पण ते सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणातून मैलोनमैल पाइपातून. कधी चार दिवसांनी, कधी आठ. कुठं पाइप फुटला तर वाट बघायची. टाक्यात साठवून ठेवलेलं पाणी घरच्या पिण्याला पुरवायचं की हॉटेलला, हा प्रश्न रोजचा. खाजगी कॅन मिळतो, वीस लिटरचे तीस रुपये. हॉटेलला रोज तीन-चार कॅन लागले तर महिन्याचा हिशेब तुम्हीच करा. आणि त्या खाजगी पाण्याची तपासणी कोण करतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नाही.

म्हणून ग्रामपंचायतीचं केंद्र आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पाच रुपयांचं नाणं टाका किंवा कार्ड लावा, वीस लिटर पाणी कॅनमध्ये पडतं. आतली रचना मी केंद्रावरच्या भाऊकडून समजून घेतली. बोअरचं पाणी आधी टाकीत, मग वाळूच्या फिल्टरमधून, मग कोळशाच्या, मग बारीक जाळीच्या काडतुसातून, आणि शेवटी मोटारीच्या दाबानं मेंब्रेनमधून, म्हणजे अगदी बारीक छिद्रांच्या पडद्यातून. क्षार मेंब्रेनच्या अलीकडे अडतात आणि काही पाण्यासोबत वेगळ्या पाइपानं बाहेर जातात. त्याच्याकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं मीटर आहे. माझ्यासमोर त्यानं बोअरचं पाणी मोजलं तर आकडा दोन हजारांच्या वर गेला, केंद्राचं मोजलं तर शंभराच्या आत. आपल्या देशाचं पिण्याच्या पाण्याचं मानक 500 पर्यंत चांगलं मानतं, आणि दुसरी सोयच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतं. आम्ही त्या चालवून घेण्याच्याही पलीकडचं पाणी पीत होतो.

पहिल्या दिवशी त्या पाण्याचा चहा केला तेव्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांनी पावडर बदलली का म्हणून विचारलं. पावडर तीच होती.

आता उणिवा. नळाचा ओटा उंच आहे, भरलेला कॅन उतरवताना बायकांच्या कमरेत उसण भरते. वर पत्रा नाही, मे महिन्यात रांगेत उभं राहणं म्हणजे शिक्षा. पाचचं नाणं नसलं की अडचण, आणि कार्ड रिचार्ज करायला पंचायतीतच जावं लागतं. मेंब्रेनमधून निघणारं खारं पाणी सरळ नालीत सोडलंय, ते थांब्यामागे साचतं. ते निदान सार्वजनिक शौचालयाच्या टाकीत तरी वळवायला हवं. दिव्याचं म्हणाल तर संध्याकाळी सातनंतर अंधार.

पण या सगळ्या दुरुस्त होण्यासारख्या गोष्टी. मोठी गोष्ट ती बंद पडण्याची.

एका पावसाळ्यात पाण्याची चव बदलली. मग धार बारीक झाली. मग एक दिवस कुलूप.

"पानी कायले बंद हाय भाऊ?" मी विचारलं.

"मेंबरेन गेलं काकू. अन् मले सहा महिन्यापासून पगार नाई. मी काय फुकट राहू काय?"

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मेंब्रेन आणि काडतुसं ठरावीक काळानं बदलावीच लागतात, इतक्या खाऱ्या पाण्यात तर लवकर. आणि माणूस पगाराशिवाय किती दिवस येणार?

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभी राहून विचारलं. लाखो रुपयांचं केंद्र बांधायला पैसा होता, मग जाळी बदलायला आणि एका माणसाच्या पगाराला का नाही? ग्रामसेवक साहेबांनी टाळाटाळ केली नाही, हे मला त्यांच्याबद्दल चांगलं सांगायचंय. रजिस्टर काढून समजावलं, आणि तेव्हा मला ग्रामपंचायतीच्या पैशाचं खरं गणित कळलं.

केंद्र बांधलं ते वित्त आयोगाच्या पैशातून. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशभरातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपये देण्याची शिफारस केली होती. महाराष्ट्रात त्यातले 80 टक्के ग्रामपंचायतीला आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला. त्यातला 60 टक्के निधी बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच. उरलेला 40 टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे. पण त्या अबंधित पैशातूनही पगार आणि कार्यालयाचा खर्च करता येत नाही. म्हणजे दिल्लीचा पैसा यंत्र आणून देतो. यंत्र चालवणारा माणूस मात्र गावानं आपल्या स्वनिधीतून पोसायचा. शासन कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनाचा काही वाटा देतं, पण तोसुद्धा करवसुलीशी जोडलेला. आणि केंद्रावरचा माणूस तर त्या यादीतही नव्हता.

आता स्वनिधी म्हणजे कोण? मी, तुम्ही, शेजारचा. घरपट्टी.

माझी पावती मी इथं उघडून सांगते. घरपट्टी 580 रुपये, दिवाबत्ती कर 50, आरोग्य कर 50, सामान्य पाणीपट्टी 60, आणि नळ आहे म्हणून विशेष पाणीपट्टी वर्षाला 1,200. घराची किंमत, बांधकाम कच्चं की पक्कं, किती जुनं, यावर घरपट्टी ठरते. डिसेंबर 2015 च्या नियमबदलापासून ही भांडवली मूल्याची पद्धत आली. आकारणी नमुना 8 वर असते, मागणी नमुना 9 वर, आणि पैसे भरल्यावर नमुना 10 ची पावती. हे नंबर पाठ करून ठेवा. घरकुल असो, कर्ज असो, वीजमीटर असो, नमुना 8 कुठं ना कुठं मागतातच.

त्या दिवशी रजिस्टरमध्ये दिसलं की गावाची वसुली निम्म्यालाही पोचली नव्हती. थकबाकीदारांत गरीब विधवा होत्या, तसेच ट्रॅक्टर आणि स्लॅबचं घर असलेलेही होते. निवडणूक आली की उमेदवार पळत पळत थकबाकी भरतात, कारण मागणी मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य कायद्यानं अपात्र ठरतो. त्या महिन्यात तिजोरी भरते. बाकी पाच वर्षं पाणी सोडणाऱ्या माणसानं उधारीवर जगायचं.

ग्रामसभेत एका काकांनी म्हटलं, "सोयच नाई तं कर कायचा भरू?" हा प्रश्न मी खोडून काढणार नाही. तो प्रामाणिक आहे. नाली तुंबलेली, दिवा बंद, नर्सबाई आठवड्यातून एकदा, आणि वरून मागणीचं बिल. पण पंचायतीकडे पगाराला दुसरा पैसाच नाही, आणि आपण न भरल्यानं बंद पडतं ते पाणीच, हेही तितकंच खरं आहे. कर न भरून आपण सरपंचाला शिक्षा करत नाही. शिक्षा होते ती डोक्यावर कॅन घेऊन खाजगी प्लांटवर जाणाऱ्या बाईला.

आणि घरपट्टी थकवली म्हणजे कर भरलाच नाही असंही नाही. शेतकरी कर भरत नाही, हे शहरात ऐकलं की माझा जीव जळतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, बरोबर. पण फवारणीच्या रासायनिक औषधावर 18 टक्के जीएसटी आहे, खतावर 5 टक्के. कारखानदार आपल्या खरेदीवर भरलेला जीएसटी पुढच्या करातून वळता करून घेतो; शेतकऱ्याला ती सोय नाही, तो भार त्याच्याच अंगावर राहतो. माझ्या हॉटेलचंही तसंच. उलाढाल वीस लाखांच्या खाली म्हणून मला नोंदणी लागत नाही, पण धंद्याच्या गॅस सिलिंडरवर मी 18 टक्के भरते आणि ते मला कुठून परत मिळत नाहीत. डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क वेगळं, राज्याचा व्हॅट वेगळा. कर सगळेच भरतात, त्या काकांनीसुद्धा त्याच सकाळी बिडीच्या बंडलावर भरलाच होता. म्हणून हिशेब विचारायचा हक्कही सगळ्यांचा आहे.

करातून काय व्हावं, याचं माझ्या घरातलं उदाहरण सासूबाईंचं. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीचं काम मोठं झालं, वि. स. पागे यांनी त्याची कल्पना मांडली होती. त्यासाठी पैसा उभा करायला 1975 मध्ये राज्यानं व्यवसाय कर लावला, शहरातल्या पगारदारांवर, व्यापाऱ्यांवर. जितका कर गोळा होईल तितकीच भर सरकारनं टाकायची, असा नियम. पुढं हमीचा कायदा झाला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा आमच्या सासूबाईंच्या हातात रोडच्या मातीकामाची मजुरी म्हणून आला. त्या सांगतात की त्या मजुरीच्या ज्वारीवर एक उन्हाळा घर चाललं, आणि तो रस्ता आजही आहे. माझ्या पुण्यातल्या भाच्याच्या पगारपत्रकात आजही महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापलेले दिसतात. तो कुरकुर करत होता. मी त्याला हा रस्ता दाखवला.

मला लाडक्या बहिणीचे 1,500 येतात. मी ते घेते आणि मला ते उपयोगी पडतात. त्यातून मुलीची क्लासची फी जाते. बायकांच्या खात्यात थेट पैसा आला याचं मोल मी कमी करणार नाही. पण 1,500 रुपयांत मी कॅन विकत घेऊ शकते, पाइपलाइन नाही. औषधाची गोळी घेऊ शकते, रात्री दोन वाजता उघडा असलेला दवाखाना नाही. जे एकट्या घराला कितीही पैसे हातात दिले तरी विकत घेता येत नाही, कराचा पैसा आधी तिथं जायला पाहिजे: पाणी, नर्सबाई, एसटी, शाळेचे पुरेसे मास्तर, पावसाळ्यात शेतात बैलबंडी जाईल असा पांदण रस्ता. आमच्या काळ्या मातीत जुलैमध्ये पांदणीनं खताचं पोतं नेऊन बघा, मग कळेल.

आणि दुसरं, बांधण्याइतकाच पैसा चालवण्याला. गावात शिरताना मोठी कमान आहे, तिच्यावर नावं आहेत. सभामंडप आहे, पेव्हर ब्लॉक आहेत. नव्या कामाचं भूमिपूजन होतं, फोटो निघतो. मेंब्रेन बदललं म्हणून कुणी नारळ फोडत नाही. वि. म. दांडेकर समितीनं 1984 मध्ये राज्यातल्या मागास भागांचा अनुशेष, म्हणजे विकासातली मागे राहिलेली तूट, मोजला, तो 3,186 कोटी रुपयांवर निघाला, आणि तेव्हापासून आम्ही वऱ्हाडातली माणसं अनुशेष हा शब्द ऐकतच मोठी झालो. तो मागणं बरोबरच आहे. पण त्यात मोजलं गेलं ते न बांधलेलं. बांधून बंद पडलेल्या हातपंपांचा, टाक्यांचा, कुलूप लागलेल्या उपकेंद्रांचा अनुशेषही कुणीतरी मोजावा, असं मला फार वाटतं.

आमच्याकडे शेवटी काय झालं ते सांगते. त्या सभेत कोरम भरला होता, शंभर मतदार किंवा पंधरा टक्के यातलं जे कमी ते लागतं, आणि त्या दिवशी बायकाच जास्त होत्या. दोन ठराव झाले. केंद्रावर जमा होणारे पाच-पाच रुपये वेगळ्या खात्यात, ते फक्त मेंब्रेन, काडतूस, वीजबिल आणि पगारालाच. आणि केंद्राच्या भिंतीवर फळा, त्यावर दर महिन्याची जमा, खर्च आणि टीडीएसचा आकडा. मग घरपट्टीसाठी चौकात टेबल टाकून बसले. सप्टेंबरअखेर भरली तर पाच टक्के सूट मिळते हे कितीजणांना माहीतच नव्हतं. बचत गटाच्या बायका घरोघर गेल्या. कुणी एकदम भरली, कुणी हप्त्यानं. सगळी थकबाकी वसूल झाली असं नाही. ट्रॅक्टरवाल्यांपैकी दोघे अजून बाकी आहेत आणि त्यांच्यावर नियमाप्रमाणे कारवाई व्हावी असं मी पुढच्या सभेतही म्हणणार आहे. पण मेंब्रेन आलं, भाऊचा मागचा पगार तीन हप्त्यांत दिला गेला, आणि फळा लागला.

फळा मला केंद्राइतकाच आवडतो. परवा त्यावर वीजबिलाचा आकडा वाढलेला दिसला तर दोन म्हाताऱ्या तिथंच भाऊला कारण विचारत होत्या. त्यांना वाचता येत नाही, शाळेतल्या पोरीकडून वाचून घेतलं होतं.

येणाऱ्यांसाठी माहिती: केंद्र सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते सात. गुरुवारी सकाळी धुलाई असते, तेव्हा धार उशिरा सुरू होते. कॅन स्वच्छ आणा, तोंड अरुंद असेल तर नरसाळं सोबत ठेवा. कार्ड शंभराचं घ्या, नाण्याची कटकट मिटते. बाहेरगावच्या वाटसरूलाही पाणी मिळतं, तेवढ्याच पाच रुपयांत. तुमच्या गावच्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर बघता येतो. मोबाइलवर उघडतो, नेट बरं असेल तर. त्यात पाणी केंद्राच्या देखभालीला किती ठेवलेत ते आधी बघा, आणि शून्य दिसलं तर 1 मेच्या ग्रामसभेला पावती घेऊन जा.

ओटा खाली घेतला, वर पत्रा टाकला आणि खारं पाणी वळवलं की मी पाचवा गुण देईन.